युरोपात रेल्वेने सीमा ओलांडताना: तिकीट एकच कसे ठेवावे आणि उशिराची भरपाई कशी मागावी

आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे स्टुटगार्टला आले होते, तेव्हा त्यांना चार दिवस शेजारच्या देशात फिरवून आणण्याचा बेत मी आखला आणि माणशी ११ युरो वाचतात एवढ्याच कारणासाठी एका तिकिटाऐवजी प्रत्येकाची दोन वेगळी तिकिटे काढली: एक सीमेजवळच्या स्थानकापर्यंतचे आणि दुसरे तिथून पुढचे. पहिली गाडी ५० मिनिटे उशिरा पोहोचली आणि पुढची गाडी आमच्या डोळ्यांदेखत नाही, तर आम्ही अजून वाटेत असतानाच सुटून गेली. बाबांची सारी नोकरी एसटीत झाली आणि शेवटची काही वर्षे ते वाहतूक नियंत्रक होते, त्यामुळे गाडी चुकणार हे कळताच त्यांनी मला सहज सांगितले, "अरे, पुढच्या कंट्रोलरला फोन करून सांग ना, कनेक्शनची गाडी दहा मिनिटं धरून ठेव म्हणावं." हा निरोप कोणाला आणि कसा द्यायचा, हे मला सांगता आले नाही. आईने फलाटावरच्या बाकावर डबा उघडून थालीपीठ वाटले आणि मी खिडकीपुढे रांगेत उभा राहिलो. खिडकीवरच्या बाईंनी अतिशय सौजन्याने समजावून सांगितले की माझी पहिली गाडी कोणत्या कारणाने उशिरा आली याच्याशी त्यांच्या कंपनीचा काहीही संबंध नाही, माझे दुसरे तिकीट फक्त सुटून गेलेल्या गाडीपुरतेच होते आणि पुढे जायचे असेल तर नवीन तिकीट काढावे लागेल. ३३ युरो वाचवण्याच्या नादात त्या दिवशी २६१ युरो गेले. वर पहिल्या गाडीच्या कंपनीकडूनही एक सेंट मिळाला नाही, कारण तिच्या लेखी उशीर फक्त ५० मिनिटांचा होता.

कायद्याच्या दृष्टीने दोन्ही कंपन्यांचे म्हणणे बरोबर होते आणि चूक माझी होती. ती चूक कोणती, हे ज्याला नीट उमगले त्याला युरोपातील रेल्वे प्रवासाचे बहुतेक नियम आपोआप समजतात, म्हणून ही माहिती तिथूनच सुरू करतो.

कायदा काय देतो

युरोपीय संघात रेल्वे प्रवाशांच्या हक्कांची एक सामाईक नियमावली आहे. तिचा क्रमांक २०२१/७८२ असून ती ७ जून २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार गाडी ६० ते ११९ मिनिटे उशिरा पोहोचली तर तिकिटाच्या किमतीच्या २५ टक्के आणि १२० मिनिटे किंवा त्याहून अधिक उशिरा पोहोचली तर ५० टक्के रक्कम भरपाई म्हणून मिळते. उशीर ६० मिनिटे किंवा त्याहून अधिक होणार असे आधीच दिसत असेल, तर प्रवास रद्द करून पूर्ण पैसे परत घेण्याचा, दुसऱ्या मार्गाने लवकरात लवकर पोहोचवून मागण्याचा किंवा आपल्या सोयीच्या नंतरच्या दिवशी जाण्याचा पर्यायही प्रवाशाला आहे. अर्ध्या वाटेत अडकल्यामुळे प्रवासाला काही अर्थच उरला नाही, तर निघालेल्या ठिकाणी परत आणून सोडण्याची जबाबदारीही कंपनीचीच असते. आपल्याकडे गाडी ३ तासांहून अधिक उशिरा धावत असेल आणि आपण तिच्यात चढलोच नाही तर टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून पूर्ण पैसे परत मिळतात, पण चढून उशिरा पोहोचलेल्याला सहसा काही मिळत नाही. युरोपात पोहोचल्यानंतरही मागता येते, हा मोठा फरक आहे.

आता यातली खरी मेख पाहा. हा उशीर मोजतात तो कोणत्या स्थानकावर? तिकिटावर जे शेवटचे स्थानक छापलेले असते त्या स्थानकावर. समजा तुमचे ९६ युरोंचे एकच तिकीट आहे, पहिली गाडी ५० मिनिटे उशिरा आली, त्यामुळे दुसरी चुकली आणि तुम्ही मुक्कामी २ तास १० मिनिटे उशिरा पोहोचलात, तर तुमचा उशीर १३० मिनिटांचा धरला जातो आणि ४८ युरो परत मिळतात. शिवाय मधल्या वेळेत पुढच्या गाडीत बसवून देणे हे कंपनीचे काम असते. तोच प्रवास ४० आणि ५६ युरोंच्या दोन स्वतंत्र तिकिटांवर केलात, तर पहिल्या कंपनीच्या दृष्टीने ५० मिनिटांचा उशीर म्हणजे भरपाई शून्य आणि दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तिची गाडी वेळेवर सुटली, तुम्हीच आला नाहीत. गाड्या त्याच, फलाट तोच, उशीरही तोच. बदलला तो केवळ करार. युरोपात तिकीट हा प्रवासाचा करार आहे आणि सीमेवर तो तुटू न देणे ही प्रवाशाने स्वतः घ्यायची काळजी आहे. अशा अखंड कराराला रेल्वेच्या भाषेत थ्रू तिकीट म्हणतात. मी त्याला पुढे सलग तिकीट म्हणेन.

सलग तिकीट कसे ओळखावे आणि कुठे शोधावे

एका वेळी एकाच संकेतस्थळावर पैसे भरले आणि एकच बुकिंग क्रमांक मिळाला म्हणजे तिकीट सलग झाले, असा बहुतेकांचा समज असतो आणि तो नेहमी खरा ठरत नाही. नियमावलीप्रमाणे एकाच व्यवहारात घेतलेली जोडतिकिटे विक्रेत्याने "हे वेगवेगळे करार आहेत" असे खरेदीपूर्वी सांगून तिकिटावरही छापले, तर तो जबाबदारीतून सुटतो. म्हणून पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचावे. जर्मन संकेतस्थळावर तिथे "बेफ्योर्डरुंग्सफरट्राग" असा एक शब्द दिसेल, जो एका दमात म्हणता येत नाही. त्याचा अर्थ प्रवासाचा करार, आणि त्याचे अनेकवचन दिसले तर सावध व्हावे. दुसरी सोपी खूण म्हणजे तिकिटाचा कागद. त्यावर "स्टुटगार्ट ते व्हेनिस" असे एका ओळीत छापलेले असेल तर ते बहुधा सलग असते. दोन पाने, दोन क्रमांक आणि मधले स्थानक एकाचा शेवट व दुसऱ्याचा आरंभ म्हणून छापलेले असेल, तर ती दोन तिकिटे आहेत असेच समजून वागावे.

विक्रेता स्वतः रेल्वे कंपनी नसून मधला एजंट किंवा ॲप असेल, त्याने तिकिटे स्वतःच जोडून एका व्यवहारात विकली असतील आणि ती वेगळी आहेत हे सांगितले नसेल, तर गाडी चुकल्यास त्याला संपूर्ण रक्कम परत करून वर आणखी ७५ टक्के भरपाई द्यावी लागते. हे कलम ऐकायला फारच गोड आहे, पण त्याच्यामुळेच बहुतेक ॲप आता ती बारीक ओळ न चुकता छापतात. आपण ती वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

शोधण्याची माझी पद्धत अशी आहे की निघण्याच्या देशातील आणि पोहोचण्याच्या देशातील, अशा दोन्ही राष्ट्रीय रेल्वेंच्या संकेतस्थळांवर तोच प्रवास, तोच दिवस घालून पाहायचा. किमतीत फरक असतोच, पण एका ठिकाणी सलग मिळणारे तिकीट दुसऱ्या ठिकाणी विकतच नाहीत, असेही होते. ऑस्ट्रियाची ओबेबे ही राष्ट्रीय रेल्वे शेजारच्या देशांची बरीच तिकिटे एकत्र देते, म्हणून जर्मनीहून पूर्वेकडे किंवा इटलीकडे जाताना मी तिचे संकेतस्थळ नक्की पाहतो. मोठ्या रेल्वेंच्या तिकीट खिडकीवर अजूनही असे माणूस बसलेले असते, ज्याला ॲपमध्ये न दिसणारे जोड तिकीट काढून देता येते. रांगेत अर्धा तास गेला तरी आई-वडिलांसोबतच्या लांबच्या प्रवासासाठी तो वाया गेला असे मी म्हणणार नाही. तिकिटांवरच्या सवलतींच्या बाबतीत एक लक्षात ठेवावे: अनेक देशांत फिरण्यासाठीचा युरेल पास युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी आणि इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी असतो, त्यामुळे घरातल्या यजमानाचा आणि पाहुण्यांचा पास वेगवेगळा निघतो.

एकाच देशात हे सगळे तुलनेने सोपे आहे, कारण कंपनी एकच असेल तर तिला आपल्या गाड्यांसाठी सलग तिकीट द्यावेच लागते. जर्मनीत तर स्वस्त तिकिटावर एकाच गाडीचे बंधन असले, ज्याला तिथे "त्सूगबिंडुंग" म्हणतात, तरी मुक्कामी २० मिनिटे किंवा त्याहून अधिक उशीर होणार असे दिसताच ते बंधन सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येते. मात्र डॉइचलांडटिकेट वापरणाऱ्यांनी या सवलतीवर विसंबू नये. मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोंना सुरू झालेले, २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ पासून ६३ युरो झालेले हे तिकीट फक्त शहरी आणि प्रादेशिक गाड्यांसाठी आहे; गाडी कितीही उशिरा असली तरी ते दाखवून आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत बसता येत नाही. त्यावरची भरपाई ६० मिनिटांच्या उशिराला दीड युरो एवढी आहे आणि ४ युरोंहून कमी रक्कम कंपनीला द्यावी लागत नाही, म्हणजे तीन उशीर साठवून मगच अर्ज करायचा. आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक गृहस्थ हे उशीर पिगी बँकेसारखे साठवतात. त्यांच्या चिकाटीपुढे हात टेकले.

ही अवस्था का आहे

भारतातून आलेल्या माणसाला हे सगळे विचित्र वाटणे स्वाभाविक आहे, कारण कोल्हापूरहून गुवाहाटीपर्यंतचे तिकीट आपण एकाच खिडकीवर काढतो आणि वाटेत किती विभागांच्या हद्दी लागल्या याचा विचारही करत नाही. युरोपात सीमेवर तांत्रिक अडचणी कमी नाहीत. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या तारांमध्ये १५,००० व्होल्टचा, फ्रान्सच्या बऱ्याच भागात २५,००० व्होल्टचा, इटली आणि बेल्जियममध्ये ३,००० व्होल्टचा आणि नेदरलँड्समध्ये, जुन्या मुंबई लोकलप्रमाणे, १,५०० व्होल्टचा प्रवाह वाहतो. स्पेनच्या जुन्या रुळांची रुंदी १,६६८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजहून अवघी ८ मिलिमीटर कमी, तर फ्रान्समध्ये १,४३५ मिलिमीटर. तरीही हे चारही प्रवाह घेणारी इंजिने आज धावत आहेत आणि सिग्नलसाठी ईटीसीएस ही सामाईक प्रणाली हळूहळू बसवली जात आहे, जी आपल्या दिल्ली-मेरठ नमो भारत मार्गावरही वापरली आहे. इंजिनाने जे जमवले ते तिकीट खिडकीला जमलेले नाही, आणि त्याचे कारण तंत्रज्ञानात शोधून सापडणार नाही.

कारण राजकारणात आहे. रेल्वे कंपन्या बहुतांशी आपापल्या सरकारांच्या मालकीच्या आहेत, आपल्या भाड्यांची आणि जागांची माहिती इतर विक्रेत्यांना सहजासहजी देत नाहीत, आणि ब्रसेल्समध्ये कायदा होतो तेव्हा त्याच कंपन्यांचे मालक असलेली सरकारे मंत्रिपरिषदेत मतदानाला बसतात. याचा सर्वांत स्पष्ट नमुना म्हणजे ही नियमावलीच. नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संसदेने तासाभराच्या उशिराला ५० टक्के, दीड तासाला ७५ टक्के आणि दोन तासांना पूर्ण १०० टक्के भरपाई असावी, असे मत दिले होते. सदस्य देशांच्या सरकारांनी ते मान्य केले नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली तेव्हा भरपाई जुन्याच २५ आणि ५० टक्क्यांवर राहिली आणि वर अपवादात्मक परिस्थितीचे नवे कलम आले, ज्यामुळे भीषण हवामान, मोठी नैसर्गिक आपत्ती, रुळांवर आलेली माणसे किंवा तांब्याच्या तारांची चोरी अशा कारणांनी झालेल्या उशिराला भरपाई देण्याचे बंधन उरले नाही. एवढे मात्र टिकले की रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप त्या अपवादात बसत नाही. संपामुळे उशीर झाला तर भरपाई मागा. "संप होता, आम्ही काय करणार" हे उत्तर पुरेसे नाही.

दुसऱ्या बाजूने स्पर्धा आली. डिसेंबर २०२० पासून देशांतर्गत मार्ग दुसऱ्या कंपन्यांसाठी खुले झाले, स्पेनमध्ये माद्रिद-बार्सिलोना मार्गावर २०२१ मध्ये फ्रान्सची विगो आणि २०२२ मध्ये इर्यो आली आणि भाडी उतरली. इटलीत इतालो २०१२ पासूनच धावते आहे. स्वस्ताई झाली हे चांगलेच, पण प्रतिस्पर्धी कंपन्या एकमेकींची गाडी चुकल्याचा भार उचलत नाहीत, म्हणजे जितक्या कंपन्या वाढतात तितके करार तुटण्याचे सांधेही वाढतात. उर्सुला फॉन डेर लायेन यांनी जुलै २०२४ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्षपदी पुन्हा निवड होताना एका व्यासपीठावर एक तिकीट आणि संपूर्ण प्रवासाचे हक्क देणारा कायदा आणण्याचे आश्वासन दिले आणि ते काम ग्रीसचे आयुक्त अपोस्तोलोस त्झित्झिकोस्तास यांच्याकडे सोपवले. माझे मत विचाराल तर भाडी आणखी उतरण्यापेक्षा हा कायदा होणे मला अधिक गरजेचे वाटते. पण मालक आणि मतदार एकच असलेल्या परिषदेतून तो अखंड बाहेर पडेल, यावर मी पैज लावणार नाही.

वेळ किती ठेवावा

तोपर्यंत आपल्या हातात वेळापत्रक आहे. ॲप गाडी बदलण्यासाठी ७-८ मिनिटे पुरेशी आहेत असे सुचवते. ते मान्य करू नये. जर्मनीत २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर आल्या, आणि तिथे ६ मिनिटांपेक्षा कमी उशीर हाही वेळेवरच धरतात. स्वित्झर्लंडमध्ये ३ मिनिटांची कडक मर्यादा असूनही त्याच वर्षी ९३.२ टक्के गाड्या वेळेवर होत्या. त्यामुळे उशिरा आलेली जर्मन गाडी आपले वेळापत्रक बिघडवू नये म्हणून स्विस रेल्वे तिला बासेललाच थांबवते आणि प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवते. हे कळल्यावर बाबांनी मान डोलावली. वाहतूक नियंत्रकाला स्विस माणूस पटतो.

माझा नियम असा: जर्मनीतून बाहेर पडताना पहिल्या बदलासाठी किमान एक तास ठेवावा, आणि दुसरी गाडी त्या दिवसातली शेवटची कधीही नसावी. सोबत ज्येष्ठ माणसे असतील तर फ्रांकफुर्टसारख्या टोकाच्या स्थानकात, जिथे सीएसएमटीप्रमाणे रूळ संपतात आणि फलाट बदलायला पार पुढच्या टोकापर्यंत चालत यावे लागते, तिथे आणखी वीस मिनिटे धरावीत. सलग तिकिटातही मधला बदल लांबवता येतो. संकेतस्थळावर मधले स्थानक घालून तिथे थांबण्याचा वेळ वाढवला की तिकीट एकच राहते आणि दगदग वाचते.

सीमा ओलांडताना मूळ पासपोर्ट आणि निवास परवाना सोबत असावा, मोबाइलमधला फोटो चालत नाही. शेंगेन क्षेत्रात सीमेवर तपासणी नसते असे म्हणतात, पण जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर ती पुन्हा सुरू केली आणि गाडीत पोलीस चढतात. लंडन या क्षेत्रात नाही. शेंगेन व्हिसावर आलेल्या पाहुण्यांना युरोस्टारने तिकडे नेता येत नाही.

गाडी चुकलीच तर

सर्वप्रथम फोटो काढावा. फलाटावरचा फलक, त्यावरचा उशीर आणि शेजारचे घड्याळ एकाच चौकटीत यावे. ॲपमधील उशिराच्या सूचनेचा स्क्रीनशॉटही घ्यावा, कारण दुसऱ्या दिवशी ती सूचना तिथे नसते. जर्मन फलकावर उशिरासाठी "फरश्पेटुंग" हा शब्द असतो आणि पुढच्या गाडीला "आनश्लुस" म्हणतात, एवढे दोन शब्द घोषणांच्या गोंगाटातही ओळखता येऊ लागले की निम्मी घालमेल कमी होते. गाडीत असतानाच तिकीट तपासनिसाला भेटून तिकिटावर उशिराची नोंद करून घ्यावी.

सलग तिकीट असेल तर नवीन तिकीट काढण्याची घाई करू नये; पुढच्या गाडीची सोय लावणे हे त्यांचे काम आहे. सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपासून १०० मिनिटांत कंपनीने पर्यायी मार्ग सांगितलाच नाही, तर प्रवाशाला स्वतः दुसऱ्या रेल्वेचे किंवा बसचे तिकीट काढून त्याचा योग्य आणि वाजवी खर्च कंपनीकडून मागता येतो. इथे "वाजवी" या शब्दावर सगळे अडते, म्हणून पहिल्या वर्गाचे तिकीट काढू नये आणि किती वाजता कोणाला विचारले व काय उत्तर मिळाले हे तिथल्या तिथे मोबाइलवर लिहून ठेवावे. तासभर किंवा त्याहून अधिक थांबावे लागले तर चहापाणी आणि खाणे, आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल देण्याचीही जबाबदारी त्यांचीच आहे, पण ते मागावे लागते. आपण मराठी माणसे इथे संकोच करतो आणि डबा उघडतो.

तिकिटे वेगळी असतील तर सगळे हातचे गेले असेही समजू नये. युरोपातील अनेक मोठ्या रेल्वेंनी आपसांत एक समजूत केली आहे, तिचे संक्षिप्त नाव एजेसी. आंतरराष्ट्रीय प्रवासात आधीच्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकली आणि बदलासाठी पुरेसा वेळ ठेवलेला होता, तर त्याच कंपनीच्या नंतरच्या गाडीने जादा पैसे न भरता जाऊ देण्याची ही सोय आहे. यात सगळ्या कंपन्या नाहीत, बसायला जागा मिळेलच असे नाही आणि भरपाईचा प्रश्न तर उद्भवतच नाही. तरी खिडकीवर उशिराची नोंद दाखवून हे तीन अक्षरी नाव उच्चारून पाहावे. त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हते.

भरपाईचा अर्ज

जर्मनीत अर्ज कंपनीच्या ॲपमधूनच करता येतो. तिकीट तिथेच काढलेले असेल तर गाडीचे नाव आणि वेळ आपोआप भरलेली दिसते. कागदावरचे तिकीट असेल तर "फारगास्टरेष्टे", म्हणजे प्रवासी हक्क, या नावाचा अर्ज खिडकीवर मिळतो. संपूर्ण युरोपीय संघासाठी एक सामाईक अर्जही आहे आणि तो वापरला नाही एवढ्या एकाच कारणाने कंपनीला मागणी फेटाळता येत नाही. अर्ज प्रवासानंतर ३ महिन्यांच्या आत करावा. एका रकान्यात मुक्कामी पोहोचण्याची ठरलेली वेळ आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष वेळ लिहायची असते. पुष्कळ जण इथे मधल्या स्थानकावरची वेळ लिहितात आणि ६० मिनिटे न भरल्यामुळे अर्ज परत येतो. जाण्यायेण्याचे तिकीट एकत्र असेल तर भरपाई उशीर झालेल्या बाजूच्या, म्हणजे साधारण निम्म्या किमतीवर मोजतात. पैसे रोख हवेत की कूपन, असे विचारले जाते. कूपन घेण्याचे कोणतेही बंधन नाही, बँक खात्याचा पर्याय निवडावा. भरपाई एका महिन्यात द्यायची असते.

नकार आला तर त्यात कारण लिहिलेले आहे का ते पाहावे. "अपवादात्मक परिस्थिती" एवढेच मोघम लिहिले असेल, तर कोणती, कुठे आणि किती वाजता, असे विचारणारे दोन ओळींचे उत्तर पाठवावे. माझ्या एका सहकाऱ्याला एवढ्यावरच पैसे मिळाले. तरीही जमले नाही तर बर्लिनमध्ये प्रवास आणि वाहतुकीच्या तक्रारींसाठी तडजोड मंडळ आहे, तिथे प्रवाशाला शुल्क न भरता जाता येते. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण २०२१ पासून तिथेही तासाला २५ आणि दोन तासांना ५० टक्के असाच नियम आहे.

भारतातून आलेल्या पाहुण्यांकडे युरोपीय बँक खाते नसते, म्हणून त्यांच्या अर्जात यजमानाचे खाते लिहावे आणि तसे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे. परतीच्या प्रवासाला मी सलग तिकीट काढले होते, गाडी पुन्हा उशिरा आली, आणि या वेळी बाबांनी शेजारी बसून अर्जातील प्रत्येक वेळ आपल्या वहीतून ताडून पाहिली. त्यांच्या वाट्याचे १९ युरो माझ्या खात्यात जमा झाले तेव्हा ते साताऱ्याला परतले होते. फोनवर त्यांनी आधी आजचा दर विचारला आणि मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात येशील ना, तेव्हा रोख आण."